जर्मनीत शिकायला निघालात? आधी टपालपेटीवर नाव लावा

मी मूळची सांगलीची. मास्टर्ससाठी श्टुटगार्टला आले त्याला आता चार वर्षं होतील, आणि दर ऑगस्ट-सप्टेंबरला कुणाच्या तरी मावसभावाचा नाहीतर कुणाच्या तरी वहिनीच्या भाचीचा मेसेज येतोच, "ताई, जरा गाईड कराल का". मग मी तेच तेच परत टाइप करत बसते. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवणार. अॅडमिशन, एपीएस सर्टिफिकेट, व्हिसाची मुलाखत हे यात नाही, त्यावर ढीगभर लिहिलेलं आहे. हे आहे ते विमानातून उतरल्यानंतरच्या रोजच्या जगण्याचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: इथं तुम्हाला कुणी फोन करणार नाही. बँक, इन्शुरन्स, टॅक्सवाले, घरमालक, सगळे पत्र पाठवतात, कागदी, लिफाफ्यातून. आणि पत्र पेटीत पडलं की तुम्ही ते वाचलंय असं धरून चालतात. त्यात गंमत अशी की जर्मन पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, इमारतीचा नंबर, पिनकोड, संपलं. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, आडनाव नसेल तर पत्र परत. आपल्याकडं कसं, "पाटलांच्या वाड्यामागं, पिठाच्या गिरणीजवळ" लिहिलं तरी पोचतं, तसलं इथं काही नाही. माझ्या पेटीवर आधीच्या मुलीचं नाव होतं आणि मला वाटलं ऑफिसवाले बदलतील, तर माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं आणि मी तीन आठवडे मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन ब्रेड खात होते. चूक कुणाचीच नाही, माझीच. कागदाची पट्टी, पेन, सेलोटेप. पहिल्या दिवशी, आंघोळीच्याही आधी. डोअरबेलवर पण लावा.

बॅग भरताना

आईला आधीच सांगून ठेवा, तूप, पेढे, खवा, चक्का, कुठलाही दुधाचा पदार्थ आणि मटण-चिकनचं लोणचंबिणचं काहीही युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाही. कस्टमवाल्याने पकडलं तर डोळ्यांदेखत कचऱ्यात जातं. ताजी फळं-भाज्या पण जवळजवळ सगळ्या बंद, म्हणजे ताजा कढीपत्ता आणि हापूस विसरा (नारळ आणि केळं चालतं, पण केळी कोण आणणार). कढीपत्ता वाळवून चुरून आणा.

आणायचं काय तर जे इथं मिळतच नाही ते. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोकम. मसाला दोन पिशव्यांत नाही, तीन पिशव्यांत गुंडाळा, माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या सगळ्या कपड्यांना कोल्हापुरी वास होता. डाळ-तांदूळ आणू नका, उगाच वजन. कुकर आणायचाच तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा छोटा घ्या, ॲल्युमिनियमचा कुकर काचेच्या साध्या शेगडीवर तापतो पण इंडक्शनवर ढिम्म हलत नाही, आणि तुम्हाला कुठली शेगडी मिळेल ते आधी कळत नाही. शिट्टी ऐकून शेजारी दार वाजवतात ते वेगळंच. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एक्स्ट्रा ठेवा.

चष्मा असेल तर दोन करून आणा, इथला सरकारी विमा मोठ्यांच्या चष्म्याला सहसा काही देत नाही. दाताचं काम भारतातच उरकून या. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, आपला बारीक दोन पिनांचा चार्जर सरळ बसतो पण जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, त्यामुळं दोन अॅडॉप्टर पुरतात. थंडीचे कपडे मात्र पुण्यात घेऊ नका. लक्ष्मी रोडवरचं जॅकेट पाचगणीला ठीक आहे, जानेवारीत इथं ते शर्टासारखं वाटतं. थर्मल आणा, जॅकेट आणि बूट इथं घ्या.

हातात रोख आणि फॉरेक्स कार्ड मिळून साधारण हजार-दीड हजार युरो तरी हवेतच, का ते पुढं कळेल.

पहिले तीन आठवडे, याच क्रमाने

इथली सगळी कामं साखळीसारखी आहेत, एक कडी सुटली की पुढचं सगळं अडतं. सुरुवात होते आनमेल्डुंगपासून, म्हणजे मी अमुक पत्त्यावर राहते अशी नगरपालिकेत नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे. श्टुटगार्टात हे काम ब्युर्गरब्युरोमध्ये होतं, दुसऱ्या शहरात नाव वेगळं असेल. अपॉइंटमेंट लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्या युनिव्हर्सिटीची पोरं एकदम येतात, त्यामुळं तारीख भारतातूनच ऑनलाइन बुक करून ठेवा. सोबत पासपोर्ट आणि घरमालकाचं सही केलेलं एक पत्र लागतं, त्याचं नाव एवढं लांब आहे की दम लागतो: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नुसता भाडेकरार चालत नाही, हे वेगळं पत्र आहे, किल्ली घेतानाच मागून घ्या. हॉस्टेल असेल तर ऑफिस देतं. आणि एखादा घरमालक म्हणाला की रूम देतो पण आनमेल्डुंग करू देणार नाही, तर ती रूम कितीही स्वस्त असो, नको. पत्ता नाही म्हणजे तुम्ही इथं नाहीच.

आपल्या मराठी लोकांचा एक खास घोळ असतो. बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं नाव पण असतं. इथं ते तुमचं दुसरं पहिलं नाव होऊन बसतं, मग मुलीला "श्रीमान" म्हणून पत्रं येतात. येऊ देत. फक्त बँक, विमा, युनिव्हर्सिटी सगळीकडं पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव द्या, एकीकडं वडिलांचं नाव लावलं आणि दुसरीकडं गाळलं की कंप्युटरला तुम्ही दोन माणसं वाटता.

आनमेल्डुंग झालं की काही आठवड्यांत पेटीत (बघा, परत पेटी) टॅक्सचा नंबर येतो, श्टॉयर-आयडी, अकरा आकडी. हा आयुष्यभर तोच राहतो. नोकरीला लागतो, बँक पण मागते. पत्र हरवलं तर परत मागवायला परत पत्रच.

मग बँक. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, तुम्ही भारतातून वर्षाचे ११,९०४ युरो भरून आलेला असता, त्यातले महिन्याला ९९२ तुम्हाला मिळतात, पण ते कुठल्या तरी चालू खात्यात जायला हवेत ना. ते जर्मन खातं उघडायचं, त्याचा आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना द्यायचा, मग पैसे सुरू. या सगळ्याला दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तोवर रूमचं डिपॉझिट, पहिलं भाडं, उशी-पांघरूण सगळं तुमच्या खिशातून, म्हणून ते हजार-दीड हजार.

विमा. इथं विम्याशिवाय युनिव्हर्सिटीत नाव लागत नाही. तीस वर्षांच्या आत असाल तर सरकारी विद्यार्थी विमा घ्या, टीके, आओके, बार्मर, कुठलाही, हप्त्यात फार फरक नाही. हप्ता महिन्याला शंभर-सव्वाशेच्या वर जातो, आणि तिथंच काही लोक फसतात, कारण कुणीतरी एजंट तीस-चाळीस युरोत प्रायव्हेट विमा दाखवतो. पोरं खूश. पण एकदा सरकारी विम्यातून सूट मागून प्रायव्हेट घेतला की ते शिक्षण संपेपर्यंत सरकारी विद्यार्थी विम्यात परत येता येत नाही, आणि त्या स्वस्त पॉलिसीत काय काय वगळलंय ते आजारी पडल्यावरच कळतं. माझं मत स्पष्ट आहे, इथं पैसे वाचवू नका, बाकी कुठंही वाचवा.

शेवटी ऑस्लेंडरबेहोर्ड, म्हणजे परदेशी लोकांचं ऑफिस. तुमचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो, त्याचं पुढं रहिवासी परवान्यात रूपांतर करायचं. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, शक्यतो पहिल्याच महिन्यात टाका, आणि अर्ज पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. कार्ड यायला वेळ लागला तर मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मिळतो. तो हातात असताना दिवाळीला घरी जायचं तिकीट काढण्याआधी ऑफिसला लेखी विचारा, कारण त्याचे प्रकार आहेत आणि सगळ्याच प्रकारांवर परत आत येता येत नाही.

हे सगळे कागद ठेवायला दोन भोकांची जाड फाईल आणि पंच मशीन घ्या. हसू नका. जर्मन माणसाचं अख्खं आयुष्य त्या फाईलीत असतं आणि सहा महिन्यांत तुमचं पण होतं.

पत्रं कशी वाचायची

मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा, पण आधी तीन गोष्टी शोधा: कुणाकडून, किती पैसे, आणि कुठल्या तारखेपर्यंत. तारीख दिसली की लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये. 'मानुंग' शब्द असेल तर ती थकबाकीची आठवण आहे, दुसऱ्या मानुंगला दंड चढतो. आणि पिवळा लिफाफा आला तर तो टेबलावर ठेवून चहा करायला जायचं नाही, ते कोर्ट किंवा सरकारी खात्याचं पत्र असतं, पोस्टमन त्यावर तारीख लिहून टाकतो आणि मुदत त्या तारखेपासून धावायला लागते.

आनमेल्डुंगनंतर थोड्याच दिवसांत एक पत्र सगळ्यांना येतं आणि सगळ्यांना तो फ्रॉड वाटतो. रेडिओ-टीव्हीची फी. महिन्याला १८.३६ युरो. "माझ्याकडं टीव्हीच नाही" हे उत्तर चालत नाही, फी घराला आहे, टीव्हीला नाही. पण एका फ्लॅटला एकच, चार जण राहत असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा नंबर कळवायचा, खर्च वाटून घ्यायचा. दुर्लक्ष केलं तर मागची सगळी बाकी जोडून येते.

घर शोधताना

स्टुडिएरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची हॉस्टेलं वगैरे बघणारी संस्था) हॉस्टेलला अॅडमिशन लेटर आल्याच्या दिवशी अर्ज करा, यादी लांब असते. नाही मिळालं तर वेगे, म्हणजे फ्लॅट शेअर करणं. वेगे-गेझुख्ट या वेबसाइटवर रोज बघत राहा आणि मेसेज कॉपी-पेस्ट करू नका, समोरच्या जाहिरातीतली एखादी गोष्ट पकडून दोन ओळी लिहा. वेगेचा इंटरव्ह्यू घेतात हो, खराखुरा, बसवून चहा पाजून विचारतात की किचन किती वेळा साफ करतेस. मला अकरा जणांनी नाही म्हटलं, लग्नाच्या कांदेपोह्यांत नसेल झाला एवढा नकार.

भाड्यात दोन शब्द कळले पाहिजेत. काल्टमीटं म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं, वार्ममीटं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट वार्ममध्ये आहे का ते वेगळं विचारा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंएवढंच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. मालक "मी सध्या लंडनमध्ये आहे, पैसे पाठव, किल्ली कुरियर करतो" म्हणाला की तिथंच संवाद बंद. दर वर्षी कुणीतरी यात हजारभर युरो घालवतंच, चांगली शिकलेली इंजिनियर पोरं.

किल्ली घेताना घराच्या अवस्थेचा कागद भरतात, तेव्हा लाज न बाळगता प्रत्येक ओरखडा, डाग, तुटकी फळी लिहायला लावा आणि फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. डिपॉझिट परत घेताना तेवढाच आधार असतो.

घरात राहताना

दार. इथली दारं ओढली की लॉक होतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. मी डिसेंबरात रात्री साडेनऊला चपला घालून कचरा टाकायला गेले आणि दार मागे खट्ट. कुलूपवाल्याने दोन मिनिटांत उघडलं आणि दोनशेच्या वर युरो घेतले. तेव्हापासून एक किल्ली जवळच्या मैत्रिणीकडं असते आणि तिची माझ्याकडं. हॉस्टेलची किल्ली हरवली तर आणखी वाईट, कधीकधी इमारतीची सगळी कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येतो. त्यासाठी हाफ्टप्फ्लिष्ट नावाचा विमा असतो, महिन्याला चार-सहा युरोत मिळतो, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो. घेताना किल्ली हरवणं त्यात धरलंय का तेवढं बघा.

हवा. हे कुणी सांगत नाही आणि मग भिंतीवर काळी बुरशी येते. घरं एकदम सीलबंद असतात, तुम्ही भात शिजवता, आंघोळ करता, कपडे आतच वाळत घालता, ती सगळी वाफ जाणार कुठं? दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून, बाहेर बर्फ पडत असला तरी. खिडकी नुसती वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं हे काही कामाचं नाही, हवा बदलत नाही आणि भिंत गार पडते. हीटरवरचे १ ते ५ आकडे म्हणजे स्पीड नव्हे, तापमान आहे, ३ म्हणजे साधारण २० डिग्री. ५ वर टाकल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त वर्षअखेरीस बिल येतं.

कचरा. कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक-पत्रा पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या डब्यात, ओला कचरा वेगळा, उरलेला वेगळा. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात, तेही रंग बघून आणि रविवारी नाही, कारण आवाज होतो. रविवार म्हणजे इथं एकादशीपेक्षा कडक. ड्रिल नको, व्हॅक्यूम नको, मिक्सर पण जरा सांभाळून. रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता. आणि प्लास्टिकची बाटली, कॅन टाकायचे नाहीत, त्यावर पफांड, म्हणजे परत मिळणारं डिपॉझिट असतं, २५ सेंट एकेका बाटलीवर (बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८). न चुरगळता सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घालायच्या, चिठ्ठी येते, ती बिलावर दाखवली की पैसे वजा. परीक्षेच्या महिन्यात माझ्या खोलीत सात-आठ युरोच्या बाटल्या साठतात.

आता आमच्या श्वाबियन भागाची खासियत, केअरवोखं. दर आठवड्याला एका घराची पाळी, जिना झाडायचा-पुसायचा, इमारतीसमोरचा फुटपाथ झाडायचा. पाळी आली की दाराला एक पाटी लटकते. शेजारची आजी तुमच्या जिन्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवून बघते, मी शपथेवर सांगते. पण नीट झाडलात तर हीच आजी नाताळात बिस्किटांचा डबा आणून देते.

खाण्याचं

शनिवारी खरेदी उरका. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद, मोठ्या रेल्वे स्टेशनमधली तेवढी उघडी. रोजचं दूध-भाजी आल्डी, लिडलमध्ये. कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, चणे, बेसन हे तुर्की दुकानात, कोथिंबिरीची जुडी सुपरमार्केटमधल्या कुंडीतल्या चार काड्यांपेक्षा कितीतरी मोठी मिळते. पोहे, साबुदाणा, तूरडाळ, चपातीचा आटा इंडियन स्टोअरला, महिन्यातून एकदा चार जणांनी मिळून आणा.

इथल्या पिठाला नंबर असतात. ४०५ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या पोळ्या करून मी दोन महिने वातड चामडं खाल्लं आणि दोष तव्याला दिला. उपम्याला हार्टवाइत्सनग्रीस, हा जाडसर रवा छान लागतो. मसूरडाळ 'रोटं लिन्झन' म्हणून कुठंही मिळते. तूप आणता येत नाही ना, मग बिनमिठाचं लोणी आणा २५० ग्रॅमचं, मंद आचेवर कढवा, झालं. आणि सगळ्यात भारी शोध म्हणजे क्वार्क. हा जवळजवळ आपला चक्काच आहे, ४० टक्के फॅटवाला घ्या, फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगा, साखर-वेलची-केशर, गुढीपाडव्याचं श्रीखंड तयार. माझ्या जर्मन रूममेटला अजून पटत नाही की हे तिच्याच ब्रेडवर लावायच्या क्वार्कचं केलंय.

फोडणी देताना एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, खोलीचं दार बंद. छतावर स्मोक अलार्म असतो. काही हॉस्टेलांत तो थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असतो आणि मिरचीच्या फोडणीला गाडी आली तर खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या, चांगलं असतं, किटलीत पांढरा थर बसतो तो क्षाराचा, व्हिनेगर घालून उकळा, निघतो.

ये-जा

डॉइचलांड टिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय. देशभरातल्या बस, ट्राम, एस-बान, लोकल गाड्या सगळ्याला चालतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी स्वस्तात मिळतं, आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २७ वर्षांखालच्यांसाठी वेगळं तिकीट आहे, त्यामुळं आधी युनिव्हर्सिटीत विचारा मग घ्या. हे सबस्क्रिप्शन असतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत. स्टेशनला गेट नसतं, कुणी अडवत नाही, म्हणून फुकट जायचा मोह होतो, आणि मग जीन्स-टीशर्टमधला शेजारचा माणूस उठून ओळखपत्र दाखवतो. ६० युरो दंड. फोनची बॅटरी मेली हे कारण चालत नाही.

जर्मन गाड्या वेळेवर असतात हा समज भारतातच सोडून या. लांबच्या प्रवासात ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मिळतात, अॅपवरून मागता येतात, मागा.

आजारी पडल्यावर

अंगात ताप असताना डॉक्टर शोधू नका, धडधाकट असतानाच जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठून नाव नोंदवून ठेवा. सर्दी-तापाला बहुधा "झोप, भरपूर पाणी, आयबुप्रोफेन" एवढंच मिळेल. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मेडिकलवाल्या काकांना "एक स्ट्रिप द्या" म्हणायची सोय नाही. चिठ्ठी विम्याच्या कार्डावर ऑनलाइन चढते, कार्ड दुकानात दाखवायचं, एका औषधाला ५ ते १० युरो आपल्याला भरावे लागतात. रात्री-अपरात्री त्रास झाला पण जिवाशी नाही, तर ११६११७. जिवाशी असेल किंवा आग असेल तर ११२. पोलीस ११०. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडून दाखला घ्या, दुसऱ्या दिवशीचा बरेचदा घेत नाहीत.

आणि हिवाळा. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. पहिल्या वर्षी मला नोव्हेंबरपासून रोज रडू यायचं आणि वाटायचं घरची आठवण आहे. निम्मं तर ऊन नसल्याचं होतं. दुपारी अर्धा तास बाहेर चालायला जा, कसंही करून. डॉक्टरला व्हिटॅमिन डीबद्दल विचारा. जवळपास सगळ्या युनिव्हर्सिटींत आणि स्टुडिएरेंडेनवेर्कमध्ये समुपदेशन फुकट असतं, इंग्रजीतून पण. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपतीला आरतीला जाऊन या, मोदकाच्या निमित्ताने ओळखी होतात आणि जुना सायकल-सोफा पण तिथंच मिळतो. घरी फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात आपण साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, आईला समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

काम आणि पैसे

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहा. युनिव्हर्सिटीतली हिवीची नोकरी, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालचं काम, या दिवसांत मोजत नाहीत, म्हणून ती सगळ्यात चांगली, थेट ईमेल करून विचारा. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, मिनीजॉबची, म्हणजे थोड्या पगाराच्या छोट्या नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३. कुणी "कागदावर नको, रोख घे" म्हणालं तर तुमचा परवाना धोक्यात आहे, त्याचा नाही. फ्रीलान्स किंवा स्वतःच्या बिलावर काम विद्यार्थी परवान्यावर परवानगीशिवाय करता येत नाही, भारतातल्या कंपनीसाठी असलं तरी आधी विचारा. पगारातून टॅक्स कापला असेल तर वर्षअखेरीस रिटर्न भरा, विद्यार्थ्याला बहुतेक वेळा परत मिळतो, आणि मागच्या चार वर्षांचा पण मागता येतो.

आमच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे हे हिशोबात धरा. श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं सिस्टर सिटी आहे, पण बहिणीच्या पोरांना सूट नाही.

जिम, मोबाईल, इंटरनेट, काहीही घेताना विचारा: मुदत किती आणि बंद करायला किती आधी कळवायचं. सुरुवातीला प्रीपेड सिम पुरतं.

युनिव्हर्सिटीचं थोडक्यात. परीक्षेला बसायचं तर स्वतः ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फक्त क्लासला बसून चालत नाही, आणि तारीख चुकली की सेमिस्टर गेलं. पुढच्या सेमिस्टरची फी मुदतीत भरली नाही तर नाव कमी होतं आणि नाव कमी झालं की परवान्याचं पण कठीण. मार्क उलटे, १.० सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास. वेळापत्रकात दहाच्या पुढं "सी.टी." लिहिलं असेल तर क्लास सव्वादहाला, "एस.टी." असेल तर ठोक्याला दहा. (आपली एस.टी. आठवून मी पहिल्या दिवशी उशीरच धरला होता.) प्रोफेसरला 'झी', म्हणजे अहो-जाहो. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, इंग्रजी मीडियमवाल्यांना लागतं. जमलं तर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातून किंवा कुठूनही जर्मनच्या ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पातळ्या करूनच या, कोर्स इंग्रजीत असला तरी पत्रं जर्मनमध्येच येतात.

घर बदलताना

करार मुदतीचा नसेल तर साधारण तीन महिने आधी लेखी नोटीस, सही केलेला कागद रजिस्टर पोस्टाने. तीन महिने म्हणजे महिन्याच्या सुरुवातीपासून मोजायचे, तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पत्र पोचलं तरच तो महिना धरतात, एक दिवस उशीर म्हणजे एक भाडं जास्त. नवीन पत्त्यावर परत दोन आठवड्यांत नोंद. बँक, विमा, युनिव्हर्सिटी, रेडिओवाले, परदेशी लोकांचं ऑफिस, सगळ्यांना पत्ता कळवा. पोस्टात पैसे भरून जुनी पत्रं सहा महिने नवीन पत्त्यावर वळवून घेता येतात, घ्याच. आणि जायच्या दिवशी जुन्या पेटीवरची आपली पट्टी काढून टाका, नवीन पेटीवर त्याच संध्याकाळी लावा. सेलोटेप हँडबॅगेत ठेवा, बाकी सामानात टाकलात तर खोके उघडेपर्यंत सापडत नाही.